भिंत वाढवण्याआधी घड्याळ बघा

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यात धायरीला रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या एका ताईंच्या घरामागे वीस बाय पंधरा फुटांचं अंगण आहे, भोवती पाच फुटी विटांची भिंत. दीड वर्षापूर्वी सासूबाई भोरकडच्या गावाहून कायमच्या राहायला आल्या, त्यांच्याबरोबर तीन गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आला. पुढे घरीच एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, तयार झाली आणि ताईंच्या यजमानांनी हौसेने गिरिराज जातीच्या दोन कोंबड्या आणल्या. गिरिराज जागच्या हलत नाहीत, पण गावरान चौघी, तांबडी, काळी, कबरी आणि ती तलंग, रोज भिंत ओलांडून शेजारी जातात. शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, घरात अंडंसुद्धा चालत नाही. त्यांचे मेथीचे वाफे दोनदा उकरून झाले. परवा त्यांच्या अळूत दोन अंडी निघाली, ती त्यांनी खुरप्यावर तोलत आणून ताईंच्या गेटपाशी ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. यजमान म्हणतात पंख कापून टाकू. सासूबाई म्हणतात, मी असेपर्यंत कात्री लावू देणार नाही. गवंड्याने भिंत दोन फूट वाढवायचा खर्च काढून दिला आहे. ताई विचारतात : पंख, भिंत, की सगळ्यांनाच गावी परत पाठवू?

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा खुरप्यावरच्या अंड्यांना हसले, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. तुम्ही विचारलंय भिंतीबद्दल, पण पत्रात जागोजागी लिहिलंय ते वेळांबद्दल. "धाकट्याची बस गेली की तांबडी भिंतीवर." "जेवणं उरकून जरा पाठ टेकली की काकूंचा फोन." "दिवेलागणीला काळी आंब्यावर चढते आणि सकाळी काकूंच्या बाजूला उतरते." ही तीन वाक्यं मी अधोरेखित केलीत. तुम्हाला वाटतंय सगळ्यांना मिळून एकच खोड लागली आहे. मला दिसतंय ते असं, की वेगवेगळ्या कोंबड्या वेगवेगळ्या कामाला पलीकडे जातायत आणि भिंत त्यांच्या वाटेत येतेय. काम इकडेच झालं तर निम्म्या जणी जाणारच नाहीत. उरतील त्यांच्यासाठी जाळी आहे, कात्री आहे, सगळं आहे. पण ते नंतर.

गिरिराज "समजूतदार" आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या समजूतदार नाहीत हो, त्या जड आहेत. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली ही जात परसात पाळण्यासाठीच आहे, पण वजन चांगलं भरावं हाही त्यामागचा हेतू होता. गावरान कोंबडी त्यांच्या निम्म्या वजनाचीही असू शकते. अंगाच्या मानाने पंख मोठे, त्यामुळे ती उडते. कोंबडी मुळात रानातली, लाल रानकोंबड्याच्या वंशातली. आणि तुमच्या तांबडीचे पाय पिवळे असतील तर तो पिवळेपणा आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून आलाय, असं 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. ताम्हिणीत पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच हा. तेव्हा झाडावर चढणं हा काळीचा आगाऊपणा नाही, ते तिचं माहेर आहे.

आता भिंत. कोंबडी पाच फुटांची भिंत एका झेपेत पार करते असं आपल्याला वाटतं, पण एकदा चहाचा कप घेऊन नीट बघा. ती आधी खाली उभी राहून मान वाकडी करून वर बघते. एकदा, दोनदा. मग उडी, पंखांची फडफड, आणि ती उतरते कुठे? भिंतीच्या माथ्यावर. तिथे टेकते, पिसं सावरते, इकडेतिकडे बघते आणि मग निवांत पलीकडे. तिच्या छातीचे स्नायू पांढरे असतात (खाणाऱ्यांना ठाऊक आहेच), ते दोन-चार सेकंदांच्या जोरासाठी असतात, लांब उडण्यासाठी नाहीत. म्हणून तिला मधे टेकायला जागा लागते, आणि विटांची सिमेंटने गुळगुळीत केलेली भिंत म्हणजे तिच्यासाठी आयती दांडी. गवंडी दोन फूट चढवेल आणि वरून पुन्हा तसाच छान सपाट माथा करून देईल. पैसे भिंतीत जातील आणि कोंबड्या पलीकडे. अंगणात भिंतीलगत काही उभं असेल तर सातच काय, आठ फूटही कमी पडतील. तुम्ही पाण्याचा ड्रम लिहिलाय, खुराड्याचं उतरतं पत्र्याचं छप्पर लिहिलंय, यजमानांची जुनी स्कूटर लिहिलीय. या तीन पायऱ्या आहेत. भिंतीपासून निदान चार-पाच फूट आत घ्या. यात एक रुपया खर्च नाही, हे आजच करा.

तांबडीकडे येऊ. सकाळी आठ-नऊला जाते, तासा-दीड तासाने येते, येताना ओरडत येते. ती फिरायला जात नाही, बाळंतपणाला जाते. अळूच्या पानांखाली ओलसर अंधार, वरून काही दिसत नाही, कुणी हलवत नाही. कोंबडीला अंडं घालायला नेमकं हेच हवं असतं. तुमच्या खुराड्यात अंड्यांसाठी काय सोय आहे हे पत्रात कुठेच नाही, त्यावरून मी अंदाज बांधते की नाही. एक फूट लांब, एक फूट रुंद, तेवढंच उंच असं खोकं घ्या, फळांची लाकडी पेटी चालते. तळाला चांगला जाड पेंढा. तोंडाला अर्ध्यापर्यंत गोणपाटाचा पडदा. जमिनीपासून हात-दीड हात वर, अंधाऱ्या कोपऱ्यात, पण झोपायच्या दांडीपेक्षा खाली, नाहीतर त्या त्यातच झोपतील आणि घाण करतील. सात जणांत, म्हणजे कोंबडा सोडून सहा जणींना, दोन खोकी पुरतात. त्या एकाच खोक्यासाठी भांडतील ते वेगळं, त्याला इलाज नाही. पेंढ्यात एक खोटं अंडं ठेवा, लाकडी किंवा संगमरवरी. एखादीने इथे घातलंय म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा त्यांचा हिशोब असतो. सासूबाईंना विचारा, त्या म्हणतील यात काय सांगायचं.

पुढे आठ-दहा दिवस त्यांना सकाळी सोडू नका. दुपारी बारापर्यंत आत. हे कठोर वाटेल, पण अंडं रोज त्याच वेळी येत नाही. एका अंड्यापासून दुसऱ्यापर्यंत चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून वेळ रोज पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा. नऊला दार उघडलंत तर सोमवारचं अंडं खोक्यात आणि बुधवारचं अळूत. पाणी आणि सावली आत भरपूर असू द्या. आणि काकूंना सांगून अळूतली जागा एकदा नीट तपासा. तिथे आणखी अंडी राहिली असतील तर ती काढायलाच हवीत, नाहीतर एक दिवस तांबडी तिथे खुडूक बसेल आणि एकवीस दिवसांनी काकूंच्या दारात पिल्लं फिरतील.

दुपारचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तुम्ही तो एका वाक्यात उरकलाय : "गेल्या वर्षी अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, आता स्वच्छ राहतं." स्वच्छ राहतं, खरंय. पण कोंबडी दिवसाचा मोठा भाग उकरण्यात घालवते. पाय मारायचा, एक पाऊल मागे यायचं, बघायचं, टिपायचं. हे ती भुकेसाठीच करते असं नाही, पोट भरलेली कोंबडीही उकरते. पेव्हरवर ती काय उकरणार? आणि पाच फुटांपलीकडे एका निवृत्त शिक्षिकेने रोज झारीने पाणी घालून लोण्यासारखी केलेली माती आहे, गांडुळांसकट. तुम्ही कोंबडी असतात तर कुठे गेला असतात?

सगळे ब्लॉक काढा असं म्हणत नाही. आंब्याखाली सहा बाय चार फुटांचा तुकडा मोकळा करा, ब्लॉक नुसते वाळूवर बसवलेले असतात, पहारीने एक निघाला की बाकीचे हाताने निघतात. खालची खडी उचलून टाका. अर्ध्या भागात माती आणि पालापाचोळा, त्यात रोज दुपारी मूठभर बाजरी किंवा ज्वारीचा चुरा उधळून द्या, शोधू दे त्यांना. उरलेल्या अर्ध्यात कोरडी बारीक माती, थोडी वाळू आणि चुलीची राख. हे त्यांचं न्हाणीघर. मातीत लोळून त्या अंगावरच्या उवा-किडींचा बंदोबस्त करतात. पावसाळ्यात त्यावर पत्रा किंवा ताडपत्री हवी, ओल्या मातीत कुणी आंघोळ करत नाही. भाजीची देठं, मेथीच्या काड्या, कोबीचा वरचा पाला जुडी करून सुतळीने डोक्याच्या उंचीवर टांगा. कबरी आणि तलंग दुपारी याच कारणाने जातात असा माझा कयास आहे. एप्रिल-मेमध्ये तर आणखी एक कारण जमेला येतं : पुण्याचा पारा चाळीसकडे गेला की पेव्हर तव्यासारखे तापतात आणि चोची उघड्या टाकून धापा टाकणाऱ्या कोंबड्या सावलीच्या शोधात कुठेही जातील.

एका ओळीत तुम्ही लिहून गेलाय की कबरीच्या पाठीवरची पिसं गेली आहेत. कोंबडा तिच्या मागे जास्त लागतोय. सहा जणींत एक कोंबडा तसा जरा जास्तच होतो. दुपारचे दोन-तीन तास त्याला डालग्याखाली ठेवा, कबरीला उसंत मिळेल.

आता काळी. संध्याकाळी उंच जागा शोधणं तिच्या रक्तात आहे. तिच्या दृष्टीने खुराड्यातली दांडी आंब्याच्या फांदीहून बरी असायला हवी. दांडी दोन-तीन फूट उंच, सगळ्यांना एकाच पातळीवर, प्रत्येकीला वीतभर जागा. वेगवेगळ्या उंचीच्या दांड्या लावल्या की सगळ्यात वरच्या दांडीवरून रोज मारामारी आणि हरलेली बाहेर. गोल गुळगुळीत बांबूवर पकड बसत नाही, दोन इंची चौकोनी लाकूड कडा घासून वापरा, नाहीतर बांबूला सुतळी गुंडाळा. दिवसाचं मुख्य दाणं संध्याकाळी खुराड्यात द्या, अंधार पडायच्या अर्धा तास आधी, आणि दार लावा. आंब्याच्या खालच्या फांद्या छाटून टाका. दहा-बारा दिवसांत सवय लागते. झाडावरची काळी तुम्हाला सुरक्षित वाटत असेल, पण रात्री कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही आणि कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, झाडावर सगळं दिसतं.

एवढं करून पंधरा दिवस बघा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकोनात लिहा : कोण गेली, किती वाजता.

मग पंखांचं. यजमान आणि सासूबाई, दोघंही खरं बोलतायत. पंख कापणं म्हणजे पंख कापणं नव्हे, पिसांचं टोक कातरणं. नखं कापण्यासारखं. पंख उघडलात की बाहेरच्या बाजूला दहा लांब पिसं दिसतात, फक्त तीच, एकाच पंखाची, वरच्या छोट्या पिसांच्या ओळीखाली बोटभर जागा सोडून. एकच बाजू अशासाठी, की उडताना तोल जातो. आतल्या बाजूची पिसं तशीच ठेवली की पंख मिटल्यावर कळतही नाही. पण पिसाचा देठ बघूनच कात्री लावायची. पांढरा, कोरडा, पारदर्शक देठ असेल तर कातरा. निळसर-जांभळट दिसला तर ते पीस अजून वाढतंय, त्यात रक्त आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मुळशीकडे आमच्या कोंबड्या होत्या तेव्हा मी एकदा संध्याकाळी, मावळत्या उजेडात, चष्मा न लावता एका तलंगेचा पंख उघडला आणि सरळ कात्री चालवली. चौथ्या पिसाला रक्ताचे थेंब पायरीवर पडायला लागले. हळद आणून दाबून धरली, पाच-सात मिनिटांत थांबलं. खरी गंमत पुढे. तिला खाली सोडलं तर बाकीच्या त्या लाल ठिपक्यावर तुटून पडल्या. रक्त दिसलं की कोंबड्या टोचतात, त्यात मैत्री वगैरे काही नसतं. दोन दिवस ती डालग्याखाली एकटी होती आणि मी तिच्यासमोर जायला लाजत होते. तेव्हापासून भर उजेडात, चष्मा लावून, आणि दुसऱ्या माणसाने कोंबडी टॉवेलमध्ये धरल्याशिवाय मी पंखाला हात लावलेला नाही.

सासूबाईंची भीती मात्र पिसांपुरती नाही. सिंहगडाच्या बाजूची वस्ती तुमची, मुंगूस आहे, भटकी कुत्री आहेत, वर घारी. कुत्रा आत आला तर न उडणाऱ्या कोंबडीला पळायला वाट कुठली? म्हणून नियम एवढाच ठेवा : जिथे कुत्रं येऊच शकत नाही अशाच अंगणात पिसं कातरायची. तुमच्या गेटखाली पोकळी आहे का बघा. आणि सगळ्यांची कातरू नका. पंधरा दिवसांच्या नोंदीत जी एकटी उरेल तिचीच. माझी पैज तलंगेवर आहे, ती वयाने हलकी आहे, आणि तिचीच पिसं लवकर बदलून परत येतील. मोठ्या कोंबड्यांची साधारण वर्षातून एकदा झडतात, नवी आली की पुन्हा बघावं लागतं. कातरलेल्या कोंबडीची दांडी फूट-दीड फुटावर आणा, नाहीतर उतरताना धपकन पडून तळपायाला जखमा होतात.

जाळी लावायचीच झाली तर भिंतीवर दोन फूट, आतल्या बाजूला कललेली, आणि मुद्दाम ढिली. वरच्या कडेला बांबू किंवा पाईप नको. टेकायला घट्ट काही दिसलं नाही तर कोंबडी झेप घ्यायला कचरते, चुकून घेतलीच तर जाळी लवते आणि ती आतच पडते. आपण नेमकं उलटं करतो, ताणून बांधतो आणि वर सुबक पट्टी मारतो. बुरूड आळीतून बांबू आणा, बोहरी आळीत शेडनेट मीटरवर मिळतं. बारीक नायलॉनची पारदर्शक जाळी स्वस्त पडते, पण तीत बुलबुल आणि शिंजीर अडकून मरतात, ती घेऊ नका. जुन्या पुण्यात भिंतीवर काचा रोवायचे, ते तर मनातही आणू नका. उन्हाळा लागतानाच तारेच्या गाठी तपासा, पहिल्या वळवाच्या वाऱ्यात अर्धी जाळी काकूंच्या अळूवर जाऊन पडायला नको.

गावी पाठवायचा पर्याय तुम्ही शेवटी लिहिलाय, तेव्हा मीही एकाच वाक्यात सांगते : गावी रविवार दर आठवड्याला येतो, आणि हे सासूबाईंना माहीत आहे.

राहिल्या काकू. त्यांना अंडी नेऊन देऊ नका, हे सांगायला नको. सॉरी म्हणायलाही रिकाम्या हाताने जाऊ नका. खुराड्यातली घाण पालापाचोळ्यात मिसळून चार-सहा महिने मुरवली की उत्तम खत होतं. ताजी घातली तर मुळं जळतात, त्यामुळे मुरलेलीच, काळी, भुसभुशीत, वास गेलेली. तोवर मेथीचं बी आणि एखादा अळूचा कंद. ती घेऊन तुम्ही जाऊ नका, सासूबाईंना पाठवा. दोघी एका वयाच्या, दोघींना मातीतलं कळतं, दोघींच्या मधे पाच फूट विटा, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात त्या एकमेकींशी एकदाही बोललेल्या नाहीत.